नावाड्यांचे गाव : ग्रेट ब्लास्केटची वस्ती कशी जगली आणि का उठली

आयर्लंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात केरी काउंटी आहे. तिच्यातले डिंगल द्वीपकल्प अटलांटिक महासागरात दूरवर शिरते आणि ते जिथे संपते त्याच्या पलीकडे ब्लास्केट नावाची सहा बेटे आहेत. त्यांतल्या सर्वांत मोठ्या बेटावर, ग्रेट ब्लास्केटवर, १९५३ पर्यंत एक गाव नांदत होते. भरात असताना, म्हणजे १९१६ च्या सुमारास, तिथे पावणेदोनशेच्या आसपास माणसे राहत. गावात चर्च नव्हते, डॉक्टर नव्हता, दारूचे दुकान नव्हते. बेटावर झाडही नव्हते.

या गावाचे कोडे असे आहे. १८४५ पासून पुढची काही वर्षे आयर्लंडमध्ये बटाट्याचा भीषण दुष्काळ पडला. सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि साथीच्या रोगांनी दगावली, आणखी तितकीच किंवा त्याहून जास्त परदेशी गेली. पश्चिम किनाऱ्यावरची कितीतरी गावे त्या काळात पुसली गेली. ब्लास्केटचे गाव त्यातून तगले. जमीनदाराच्या वसुलीतूनही तगले. विसाव्या शतकात जमीन कसणाऱ्यांच्या मालकीची झाली, शाळा चालू होती, टपाल येत होते, म्हाताऱ्यांना पेन्शन मिळत होते, देश स्वतंत्र झाला होता. नेमक्या अशा वेळी हे गाव ओस पडले. उपासमारीला जे साधले नाही, ते बऱ्या दिवसांत कसे झाले? याचे उत्तर हे गाव चालत कसे होते यात आहे.

डोंगरात रुतवलेली घरे

ग्रेट ब्लास्केट म्हणजे समुद्रातून वर आलेला डोंगराचा एक लांबट कणा. लांबी सुमारे ६ किलोमीटर, रुंदी फार थोडी आणि सर्वांत उंच माथा २९२ मीटर. मुख्य भूमीपासून त्याचे जवळचे टोक सुमारे २ किलोमीटरवर आहे. पण होडी लावण्याजोगी जागा समोरच्या डनक्विन गावात आहे आणि तिथून बेटाचा प्रवास साधारण तीन मैलांचा पडतो. अंतर कमी असले तरी मधली सामुद्रधुनी वाईट. भरती-ओहोटीचे जोरदार प्रवाह, पाण्याखालचे खडक आणि थेट अटलांटिकवरून येणाऱ्या लाटा. १५८८ साली स्पेनच्या आरमारातले ‘सांता मारिया दे ला रोसा’ हे जहाज याच सामुद्रधुनीत बुडाले.

तिथला वारा बहुतेक काळ पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून सगळी वस्ती बेटाच्या ईशान्य टोकाला, मुख्य भूमीकडे तोंड करून, एका पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्याच्या वरच्या उतारावर वसली. घरे बांधण्याची पद्धतही वाऱ्यानेच ठरवली. लांबट, एकमजली घर उताराला आडवे न बांधता उभे बांधत. त्याची मागची भिंत डोंगर खणून आत घुसवलेली असे. त्यामुळे वरच्या बाजूने पाहिले तर घराचे छप्पर जमिनीतून जेमतेम वर आलेले दिसे आणि वारा त्याच्यावरून निघून जाई. भिंती ओबडधोबड दगडांच्या, सांध्यांना मातीचा लेप. छप्पर आधी गवती किंवा लव्हाळ्याचे. त्यात कोंबड्या घरटी करत आणि अंडी शोधायला पोरांना वर चढावे लागे. पुढे डांबरी कापडाची छपरे आली.

आत मुख्य खोली एकच. एका टोकाला चूल आणि तिच्याभोवती माणसांचा वावर, तर दुसऱ्या टोकाला, जुन्या काळी, गाय आणि गाढव. गुरे घरात बांधण्याला बाहेरून आलेले लोक नाक मुरडत. पण त्यात व्यवहार होता. स्वतंत्र गोठ्याला लागणारे लाकूड बेटावर नव्हते आणि हिवाळ्यात गुरांच्या अंगची ऊब घराला मिळे. छपराला लागणारे लाकूडसुद्धा बहुतेक वेळा समुद्रच आणून टाकी. फुटलेल्या जहाजांच्या फळ्या आणि वासे किनाऱ्याला लागत, ते जपून ठेवले जात.

गायीच्या चाऱ्यावर मोजलेली जमीन

बेटाचा बराचसा भाग म्हणजे डोंगरावरचे गवत, झुडपे आणि दलदल. कसण्याजोगी जमीन गावाभोवतीच्या उतारावर थोडीशी. ती सतराव्या शतकापर्यंत स्थानिक फेरिटर घराण्याच्या ताब्यात होती. नंतर ती अर्ल ऑफ कॉर्क या बड्या जमीनदाराकडे गेली आणि गावकरी त्याची कुळे झाली.

शेतीची जुनी रीत पश्चिम आयर्लंडमध्ये सगळीकडे होती. इंग्रजीत तिला ‘रंडेल’ म्हणत. या रीतीत एका कुटुंबाची जमीन एका जागी नसे. चांगल्या मातीत एक पट्टी, खडकाळ भागात दुसरी, किनाऱ्याजवळ तिसरी, अशी ती विखुरलेली असे. हेतू न्यायाचा होता. चांगली-वाईट जमीन सगळ्यांच्या वाट्याला सारखी यावी. डोंगरावरचे कुरण मात्र सगळ्यांचे सामाईक. तिथे कोणी किती जनावरे सोडायची हे ज्याच्या-त्याच्या खंडावर ठरे आणि त्याचे माप एकर नव्हते, ‘एका गायीचा चारा’ हे होते. एका गायीच्या चाऱ्याच्या हक्कात ठरावीक मेंढ्या बसत. हा हिशेब गावातल्या प्रत्येकाला पाठ असे.

या रीतीची दुसरी बाजूही होती. दर पिढीला वाटण्या होत, पट्ट्या अरुंद होत. बांधाला कुंपण नसल्यामुळे पीक निघेपर्यंत कोणाचे जनावर कुठे शिरले यावरून भांडणे होत. कोणी आपल्या तुकड्यात सुधारणा करायचे मनात आणले तरी शेजाऱ्याच्या पट्ट्या मध्ये येत.

१८९१ साली ब्रिटिश सरकारने पश्चिम आयर्लंडमधल्या दाट वस्तीच्या गरीब भागांसाठी ‘कंजेस्टेड डिस्ट्रिक्ट्स बोर्ड’ नावाचे मंडळ नेमले. या मंडळाने १९०७ साली हे बेट जमीनदाराकडून विकत घेतले, पट्ट्या एकत्र करून प्रत्येक कुटुंबाला सलग शेते आखून दिली आणि कुळांना हप्त्याने मालक केले. गावाच्या वरच्या अंगाला पाच नवी दुमजली घरेही बांधली. डोंगर पूर्वीसारखाच सामाईक राहिला. ब्लास्केटच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी सुधारणा. ती मनापासून केलेली होती. पण तिने जमीन सोडवली, समुद्र सोडवला नाही. पुढे सगळे अडले ते समुद्रापाशी.

बटाटा, शेवाळ आणि पीट

इतक्या कमी जमिनीवर दीडशे माणसे जगण्याचे रहस्य बटाट्यात होते. थोड्या, ओल्या, आम्लधर्मी मातीत जेवढे पोटभर अन्न बटाटा देतो तेवढे गहू किंवा ओट देत नाही. लागवडीची पद्धतही त्या हवामानाला साजेशी. न नांगरलेल्या गवतावर किनाऱ्यावरून आणलेल्या समुद्रशेवाळाचा थर पसरायचा, त्यावर बियाण्याचे बटाटे मांडायचे, मग दोन्ही बाजूंनी फावड्याने गवतासकट मातीच्या ढेपा उलटून त्यांच्यावर टाकायच्या. यातून उंच वाफा तयार होई आणि त्याच्या दोन्ही कडांना चर पडे. पावसाचे पाणी चरांतून निघून जाई, वाफा कोरडा आणि उबदार राही, आणि शेवाळ, उलटलेले गवत कुजून खत होई. चुलीच्या धुराने काळवंडलेले जुने छप्पर उतरवले की तेही खत म्हणून शेतात जाई. त्या जुन्या वाफ्यांच्या वळ्या पश्चिम आयर्लंडच्या अनेक डोंगरउतारांवर अजून दिसतात.

१८४५ मध्ये बुरशीसारख्या एका सूक्ष्म जिवाने बटाट्यावर करपा आणला. पाने काळी पडली आणि जमिनीतले बटाटे सडले. बटाट्यावरच ज्यांचे सगळे पोट होते ती कुटुंबे त्यात संपली. ब्लास्केटलाही झळ बसलीच. दीडशेच्या वर असलेली वस्ती शंभराच्या आत आली. पण गाव मोडले नाही, कारण बेटकऱ्यांच्या हाताशी मासे, शिंपले, खाण्याजोगे शेवाळ, ससे, समुद्रपक्षी आणि त्यांची अंडी होती, सीलचे मांस होते. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत वस्ती पुन्हा भरली आणि पहिल्यापेक्षा वाढली.

जळणाचा प्रश्न पीटने सोडवला. थंड, पाणथळ जागी शेवाळ आणि गवत मरते, पण पाण्याखाली हवा पोचत नसल्यामुळे ते पुरते कुजत नाही. हजारो वर्षांत त्याचे तपकिरी, ओलसर थर साचतात. त्यालाच पीट म्हणतात. बेटावरचे पुरुष वसंतात डोंगरमाथ्यावर जाऊन एका बाजूला पाते वळवलेल्या अरुंद कुदळीने त्याच्या विटा कापत, त्या वाऱ्यावर सुकवत आणि गाढवांच्या पाठीवरच्या टोपल्यांतून घरी आणत. घरातली चूल कधी विझू देत नसत. रात्री निखारे राखेखाली झाकायचे आणि सकाळी तेच फुलवायचे.

समुद्रापार जाण्याचे साधन

गावाचा खरा आधार होडी. पूर्वी बेटावर आठ माणसांनी चालवायच्या मोठ्या लाकडी होड्या होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांची जागा ‘नेवोग’ नावाच्या हलक्या होडीने घेतली आणि गावाचे जगणे बदलले. आठ माणसे जमवायची गरज उरली नाही. तीन घरांतले तीन पुरुष एकत्र आले की स्वतंत्र मासेमारी होऊ लागली.

> चौकट : नेवोग कशी बनते?
> नेवोग उपडी बांधतात. आधी काठाची लाकडी चौकट, मग तिच्यावर वाकवलेल्या बारीक फासळ्या, त्यांच्यावर लांबीच्या दिशेने पातळ पट्ट्या. या सांगाड्यावर जाड कॅनव्हास ताणून बसवायचा आणि त्याला डांबराचे थर द्यायचे. पूर्वी कॅनव्हासच्या जागी जनावराचे कातडे वापरत. तयार होडी सात-आठ मीटर लांब असली तरी ती उलटी करून तीन-चार माणसे खांद्यावर उचलून नेऊ शकतात. जिथे बंदर नाही तिथे हा गुण सर्वांत मोठा, कारण होडी दर वेळी पाण्याबाहेर काढून उंचावर ठेवावी लागते आणि वाऱ्याने उडू नये म्हणून बांधावी लागते. वल्ह्यांना रुंद पाते नसते. ती जवळजवळ सरळ काठ्या असतात, म्हणजे खवळलेल्या पाण्यात लाट त्यांना धरून ओढत नाही. होडी पाण्यात बुडते थोडी, तरंगते जास्त, त्यामुळे लाटेवर चढते. मात्र खडकाची एक टोचणी कॅनव्हास फाडायला पुरते.

नेवोगीतून सगळेच जाई. मेंढ्या जात, पाय बांधून आडवी केलेली गाय जाई, पिठाची पोती येत, रविवारी हवा बरी असली तर चर्चला निघालेली कुटुंबे जात. लग्ने पलीकडच्या चर्चमध्ये लागत. मृतांनाही शवपेटीत घालून याच होडीतून मुख्य भूमीवरच्या दफनभूमीत नेत. बाप्तिस्मा होण्याआधीच गेलेली बालके आणि समुद्रातून वाहून आलेले अनोळखी खलाशी यांनाच बेटाच्या मातीत पुरत.

रोख पैसा मुख्यतः दोन गोष्टींतून येई. बांगड्याच्या कुळातला मॅकरेल मासा खारवून पिंपांत भरला जाई आणि अमेरिकेला रवाना होई. दुसरा माल लॉबस्टर, मोठ्या नांग्यांचा, आपल्याकडच्या शेवंडीचा लांबचा नातलग. त्याच्यासाठी विणलेले पिंजरे आमिष घालून खडकांजवळ सोडत. समुद्र अधूनमधून जास्तीचेही देई. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांनी बुडवलेल्या जहाजांचा माल वाहत आला तेव्हा बेटावर काही काळ सुबत्ता होती. युद्ध संपल्यावर मात्र अमेरिकेतली खारवलेल्या मॅकरेलची मागणी ओसरली. शिवाय इंजिनाच्या मोठ्या बोटी समुद्रात आल्या आणि वल्ह्यांच्या होडीला त्यांच्याशी बरोबरी करता येईना.

गावाला सरकारी अधिकारी नव्हता. एक ‘राजा’ होता. ही पदवी लोकांनी दिलेली. तिला कर नाही, शिक्षा नाही. वाद मिटवणे, बाहेरच्यांशी बोलणे, पाहुण्यांची सोय लावणे ही कामे त्याची. शेवटचा राजा पॉड्रिग ओ कहान हा टपालही ने-आण करी. १९२९ साली त्याच्या मृत्यूनंतर राजा झाला नाही.

लिहिते गाव

दीडशे माणसांच्या या वस्तीतून आयरिश भाषेतली तीन अभिजात पुस्तके निघाली. तोमास ओ क्रिहन या कोळ्याचे आत्मचरित्र ‘अन तिलानख’ म्हणजे ‘बेटकरी’ १९२९ साली आले. मुरिश ओ सुलिवानचे बालपणावरचे पुस्तक १९३३ मध्ये निघाले आणि इंग्रजी अनुवादाला ई. एम. फॉर्स्टर यांची प्रस्तावना मिळाली. पेग सेअर्स या कथाकार बाईचे आत्मकथन १९३६ चे. ती आयरिश लिहीत नव्हती. तिने सांगितले आणि मुलाने उतरवून घेतले. आयर्लंडमधल्या शाळकरी पिढ्या पुढे ते पुस्तक अभ्यासाला लावलेले म्हणून वाचत राहिल्या.

हे आपोआप घडले नाही. तीन गोष्टी एकत्र आल्या. पहिली म्हणजे भाषा. दुष्काळ, स्थलांतर आणि इंग्रजी शाळा यांमुळे आयर्लंडच्या बहुतेक भागातून आयरिश भाषा मागे हटली, पण ब्लास्केटमध्ये सगळा व्यवहार तिच्यातच चालू राहिला. दुसरी म्हणजे हिवाळ्याच्या लांब रात्री. पीटच्या चुलीभोवती एखाद्या ठरलेल्या घरी माणसे जमत आणि कथा, गाणी, गावच्या वार्ता चालत. चांगले सांगणाऱ्याला तिथे मान होता आणि चूक करणाऱ्याला दुरुस्त करणारे श्रोते समोर बसलेले असत. पेग सेअर्सकडून आयरिश लोकसाहित्य मंडळाने शेकडो कथा उतरवून घेतल्या, त्या याच शाळेतल्या.

तिसरी गोष्ट बाहेरून आली. शुद्ध बोलली जाणारी आयरिश ऐकायला अभ्यासक बेटावर उतरू लागले. १९०७ मध्ये नॉर्वेचा भाषाशास्त्रज्ञ कार्ल मार्स्ट्रँडर आला, १९१० मध्ये ब्रिटिश म्युझियममधला रॉबिन फ्लॉवर आला. मार्स्ट्रँडरला भाषा शिकवली ती तोमासने. तोमासची शाळा इंग्रजीतून झाली होती, मातृभाषा वाचायला तो वयाच्या चाळिशीच्या आसपास शिकला. हवा खराब झाल्याने डनक्विनमध्ये अडकून पडला की तिथल्या एका घरातली मुले आपल्या पुस्तकांतून त्याला वाचून दाखवत; त्यांच्याकडूनच त्याने अक्षरे उचलली. पुढे ब्रायन ओ केली या किलार्नीच्या गृहस्थाने त्याला गॉर्की आणि पिएर लोती यांची पुस्तके वाचून दाखवली. साध्या कष्टकऱ्यांच्या आयुष्यावर पुस्तक होऊ शकते, हे तोमासला तिथे पटले. मुरिशला लिहिते केले जॉर्ज थॉमसनने. हा ग्रीक भाषेचा विद्वान. होमरची महाकाव्ये ज्या मौखिक समाजातून आली, तसा समाज आपण ब्लास्केटमध्ये प्रत्यक्ष पाहिला, असे त्याला वाटे.

या पुस्तकांचे मोल भाबड्या ग्रामचित्रात नाही. तोमासने आपल्या मुलांचे मृत्यू, होड्यांचे अपघात, वसुलीला आलेल्यांशी झटापटी, जहाजांच्या मालावरची झुंबड हे सगळे सरळ, कोरड्या वाक्यांत लिहिले. एका गावाने स्वतःच्या नाहीशा होण्याआधी स्वतःची इतकी तपशीलवार नोंद करून ठेवल्याचे दुसरे उदाहरण युरोपात क्वचितच सापडेल.

अमेरिकेची साखळी

आता मूळ कोड्याकडे. दुष्काळानंतर आयर्लंडमध्ये परदेशी जाणे ही रीतच होऊन बसली. १८४१ मध्ये संपूर्ण आयर्लंड बेटाची लोकसंख्या ८० लाखांच्या वर होती. १९६१ मध्ये आयर्लंड प्रजासत्ताकाची लोकसंख्या २८ लाखांवर आलेली होती. ब्लास्केटचे लोक बहुतेक अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड शहरात गेले. तिकडे जाण्याआधीची रात्र घरी जागवत. तिला ‘अमेरिकन जागर’ म्हणत. मेलेल्या माणसापाशी रात्रभर बसतात तसे लोक बसत, गात, नाचत, पहाटे रडत, कारण गेलेला बहुधा परत दिसत नसे.

हे स्थलांतर रहाटगाडग्याच्या चालीने चाले. एक गाडगे वर येताना पुढच्याला वर ओढते. थोरली बहीण स्प्रिंगफील्डला जाई, घरकामाची नोकरी धरी, वर्षा-दोन वर्षांत धाकटीचे तिकीट पाठवी. धाकटी तिच्यानंतरच्या भावाचे. घरच्यांना पैसे येत, पार्सले येत, त्यामुळे प्रत्येक जाण्यात कुटुंबाचा फायदाच दिसे. एकेका घराच्या दृष्टीने निर्णय शहाणपणाचा होता. गावाच्या दृष्टीने मात्र प्रत्येक वेळी तरुण हातांची एक जोडी कमी होत होती.

मुली मोठ्या संख्येने गेल्या, हे निर्णायक ठरले. बेटावरच्या बाईच्या वाट्याला पाणी, पीट, शेवाळ वाहण्याचे आणि समुद्रावर गेलेल्याची वाट पाहण्याचे आयुष्य येई. बाहेरची मुलगी लग्न करून बेटावर यायला तयार होईना आणि बेटावरची मुलगी थांबेना. लग्ने थांबली तशी बाळे थांबली. १८६४ मध्ये सुरू झालेली शाळा १९४१ मध्ये बंद झाली, कारण शिकायला जेमतेम दोन-तीन मुले उरली होती. शाळा बंद झाल्यावर मुले असलेल्या कुटुंबांना राहण्याचे कारणच राहिले नाही. पेग सेअर्स १९४२ मध्ये मुख्य भूमीवर राहायला गेली. शेवटी बेटावर एकच लहान मूल उरले, आणि त्याच्याबद्दल वर्तमानपत्रांत छापून आल्यावर अनोळखी लोकांनी त्याला दूरदेशांहून खेळणी पाठवली.

गाव मोडण्याची यंत्रणा इथे स्पष्ट दिसते. नेवोग चालवायला तीन दमदार पुरुष लागतात. पीट कापणे, मेंढ्या गोळा करणे, आजाऱ्याला पलीकडे नेणे, धर्मगुरूला आणणे, होडी लाटांतून वर ओढणे, या प्रत्येक कामाला काही किमान हात लागतात. वस्ती पावणेदोनशेवरून शंभरावर आली तरी ही कामे होतात, फक्त जड जातात. पण हात त्या किमान संख्येच्या खाली गेले की काम निम्म्याने होत नाही, बंदच पडते. दोन म्हातारे मिळून दोन-तृतीयांश होडी चालवू शकत नाहीत. दुष्काळाने माणसे मारली, पण उरलेल्यांत तरुण होते, लग्ने होत होती, होड्या भरत होत्या. म्हणून गाव भरून निघाले. स्थलांतराने नेमके तरुणच नेले.

१९४७ चा हिवाळा

जानेवारी १९४७ मध्ये बेटावरचा चोवीस वर्षांचा एक तरुण आजारी पडला. समुद्र इतका खवळलेला होता की होडी घालता आली नाही, आणि टपाल कचेरीतला बिनतारी दूरध्वनी बंद पडलेला होता. डॉक्टर पोचला नाही आणि तरुण मेंदूज्वराने वारला. शवपेटी आणायलासुद्धा त्याच्या माणसांना जीव धोक्यात घालून पलीकडे जावे लागले. उरलेल्यांना जे मनात माहीत होते ते आता उघड बोलता येऊ लागले. आजार आला तर आपल्याला वाचवायला कोणी येऊ शकत नाही.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये वादळाने पुन्हा वाट अडवली. बेटकऱ्यांनी पंतप्रधान एमन डी व्हॅलेरा यांना तार केली, की वादळात अडकलो आहोत, खायला काही नाही, अन्न पाठवा. अन्न आले. जुलैमध्ये डी व्हॅलेरा स्वतः बेटावर गेले आणि लोकांशी बोलले. मुख्य भूमीवर घर आणि जमीन द्यावी, ही गावकऱ्यांची मागणी होती. निर्णयाला आणखी सहा वर्षे लागली.

सरकारने गाव उठवले असे अनेकदा म्हटले जाते. ते पुरते खरे नाही. जाण्याची मागणी बेटकऱ्यांचीच होती. दोष द्यायचा तर तो आधीच्या दिरंगाईला द्यावा लागेल. लाटांना न जुमानणारा धक्का आणि इंजिनाची नेमाने फिरणारी बोट ही गावाची पहिली गरज होती आणि ती कोणत्याच राजवटीने वेळेत भागवली नाही. ज्यांना बंदर आणि बोटीची सेवा मिळाली ती पश्चिम किनाऱ्यावरची अरन बेटे आजही नांदती आहेत. ज्यांना मिळाली नाही त्यांची गत ब्लास्केटसारखीच झाली. स्लायगोच्या किनाऱ्यावरचे इनिशमरे १९४८ मध्ये रिकामे झाले, गॉलवेच्या किनाऱ्यावरचे इनिशार्क १९६० मध्ये.

१७ नोव्हेंबर १९५३ हा स्थलांतराचा दिवस ठरला. तेव्हा बेटावर २२ माणसे उरली होती आणि त्यांत वयस्क, अविवाहित पुरुषच जास्त होते. त्या दिवशीही समुद्र शांत नव्हता. सगळे सामान एका खेपेत नेता आले नाही. डनक्विनमध्ये त्यांना नवी घरे मिळाली. तिथून बेट समोरच दिसे, आणि मेंढ्या चारायला पुढेही काही वर्षे ते तिकडे जात राहिले.

आज

गावातली बहुतेक घरे छपराविना उभी आहेत. भिंती आहेत, चुलीची जागा आहे, मागची बाजू अजून डोंगरात रुतलेली आहे. काही मोजकी घरे दुरुस्त केली आहेत. उन्हाळ्यात डनक्विन आणि डिंगलहून बोटी येतात, पांढऱ्या वाळूवर करड्या सीलचे मोठे कळप पहुडलेले दिसतात, डोंगरावर मेंढ्या चरतात. बेटाचा बराच भाग आता आयरिश सरकारच्या मालकीचा आहे. समोर डनक्विनमध्ये १९९३ साली ब्लास्केट केंद्र उघडले. तिथे गावाचे जीवन, बेटाची पुस्तके आणि ती लिहिणारी माणसे यांचे कायमचे प्रदर्शन आहे. त्या परिसरात आयरिश अजून बोलली जाते. बेटावर हिवाळ्यात कोणी राहत नाही.